लसीची तारीख कोणाकडे आहे?

२०२१ च्या गणपतीनंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक यंत्रमाग मालक दर महिन्याला आमच्या लॅबमध्ये येऊ लागले. कोविड लसीचे दोन्ही डोस झालेले. बाही वर करून बसायचे, रक्त द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अँटिबॉडीचा रिपोर्ट घ्यायला स्वतः हजर व्हायचे. पहिल्या वेळी आकडा चार अंकी आला, तेव्हा त्यांनी काउंटरवर पेढे ठेवले. पुढे तो उतरत गेला. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तीन अंकी झाला, तेव्हा माणूस खरोखर घाबरला. "काय ओ मॅडम, परत कमी! लस उतरत चाललीय की." सगळे आकडे त्यांनी वहीत ओळीने लिहून ठेवले होते. एप्रिल-मे महिन्यात आपण सोलापूरकर पेपर उघडून आधी उजनी धरणाची टक्केवारी बघतो, तसे.

मी एकवीस वर्षं रक्त काढण्याचं आणि तपासण्याचं काम केलं. त्या माणसाला तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही याची मला खंत आहे. त्या तपासणीवरून लस उरली की संपली हे ठरवू नये, असं अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही मात्र महिन्यामागून महिना त्यांचं रक्त घेत राहिलो आणि पैसेही घेत राहिलो. म्हणून हा लेख. अँटिबॉडीच्या आकड्याची भीती चुकीच्या जागी आहे आणि जिथे खरोखर काळजी करायला हवी तिथे या शहरात कोणी पाहत नाही, हे मला सांगायचं आहे.

आधी साधा हिशोब करू. लसीनंतर रक्तात ज्या अँटिबॉडी फिरतात त्यांतल्या बहुतेक आयजीजी जातीच्या असतात. त्यांचं आयुष्य फार थोडं. सुमारे तीन आठवड्यांत निम्म्या नाहीशा होतात, पुढच्या तीन आठवड्यांत उरलेल्यांच्या निम्म्या. म्हणजे वर्षभरात सतरा वेळा निम्मं. नवीन अँटिबॉडी तयारच झाल्या नसत्या तर वर्षाने लाखातला एक भागही उरला नसता. पण लहानपणी गोवर येऊन गेलेल्या सत्तरीच्या आजीचं रक्त तपासलं तर त्यात गोवराच्या अँटिबॉडी आजही सापडतात. याचा अर्थ एकच होतो. तिच्या शरीरात कुठेतरी माग अजून चालू आहे आणि रोज नवा माल बाहेर पडतो आहे.

हा माग कुठे आहे, याचं उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. दंडावर लस टोचली की तिचे अंश काखेतल्या लसीकाग्रंथींत पोचतात. काहींना डोसनंतर काखेत गाठ हाताला लागली होती ती हीच. तिथे बी पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवू शकणाऱ्या पांढऱ्या पेशींची, मोठी निवड सुरू होते. पेशी वाढतात, आपल्या अँटिबॉडीच्या आराखड्यात बारीक बारीक फेरफार करतात, आणि ज्यांची पकड घट्ट बसते त्याच टिकतात, बाकीच्या मरतात. हे काम आठवडे, कधी कधी महिने चालतं. त्यातून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. एक म्हणजे स्मृतिपेशी, ज्या रोगजंतूची ओळख लक्षात ठेवतात. दुसऱ्या प्लाझ्मा पेशी, ज्यांचं कामच अँटिबॉडी बनवणं. एकेक पेशी सेकंदाला हजारो बनवते. यांतल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत संपतात. थोड्या मात्र रक्तातून प्रवास करत अस्थिमज्जेत, म्हणजे कमरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांतल्या मगजात जाऊन बसतात. तिथे शेजारच्या पेशी त्यांना जगण्यासाठी लागणारे संकेत पुरवतात. या जागा मोजक्या. ज्या पेशीला जागा मिळाली ती पुन्हा विभागत नाही, पुन्हा लढायला निघत नाही. बसल्या जागी वर्षानुवर्षं अँटिबॉडी सोडत राहते.

पूर्वी समजूत वेगळी होती. प्लाझ्मा पेशी अल्पायुषी, त्या मरतात आणि स्मृतिपेशी त्यांच्या जागी नव्या पाठवत राहतात, असं मानलं जाई. १९९७-९८ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी ती समजूत मोडली. एक गट बर्लिनचा होता, दुसरा अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातला, रफी अहमद आणि मार्क स्लिफ्का यांचा. हे रफी अहमद हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले. सोलापूरच्या पूर्वभागातल्या ज्या तेलुगू घरांतली मुलं आजही मामाच्या गावाला तेलंगणात जातात त्यांना हे सांगावंसं वाटतं.

आता त्या मालकांच्या वहीतला उतरता आकडा पाहा. त्यांच्याच धंद्यात त्याचं उत्तर होतं. लग्नसराई आणि थंडीच्या तोंडावर ऑर्डरी आल्या की माग रात्रंदिवस चालतात, रोजंदारीवर जादा माणसं लावतात. हंगाम सरला की ती माणसं घरी जातात, उत्पादन धाडकन खाली येतं, आणि मग कायमच्या कामगारांवर ते एका पातळीवर चालू राहतं. लसीनंतरच्या पहिल्या महिन्यांत अँटिबॉडी झपाट्याने उतरतात त्या जादा पेशी संपल्यामुळे. खरा प्रश्न हा की मागे कायमचे कामगार किती उरले. रक्ताच्या एका तपासणीत ते दिसत नाही.

आणि स्मृतिपेशींचं काय? इथे मला पुन्हा उजनीच आठवते. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. पेपरात टक्केवारी शून्याखाली, उणे तीस, उणे चाळीस छापून येते, तेव्हाही सोलापूरच्या नळाला पाणी असतं. फक्त दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं आणि पाणी उशिरा येतं. स्मृतिपेशी म्हणजे हा मृतसाठा. अँटिबॉडीचा आकडा शून्यावर गेला तरी त्या असतात. रोगजंतू शिरला की जाग्या होतात, पण नव्या अँटिबॉडी रक्तात दिसायला चार-पाच दिवस तरी लागतात.

या चार-पाच दिवसांवरच सगळा खेळ आहे, आणि इथेच प्रत्येक रोगाचा हिशोब वेगळा होतो.

काविळीतली हेपॅटायटिस बी घ्या. विषाणू शिरल्यापासून आजार उभा राहायला दीड ते सहा महिने लागतात. स्मृतिपेशींना सवडच सवड. त्यामुळे लहानपणी पूर्ण डोस घेतलेल्या निरोगी माणसाचा आकडा पुढे नगण्य झाला तरी बहुतेकांना पुन्हा डोस लागत नाही. घटसर्पाचं उलट आहे. तो दोन ते पाच दिवसांत उभा राहतो आणि त्याचं विष घशाला, हृदयाला लागतं. तयार अँटिबॉडी रक्तात आधीच हव्यात. धनुर्वात तर आणखी कठीण. त्याचं विष इतकं जालीम की माणूस मारायला पुरेल एवढ्या मात्रेने शरीराची स्मृती जागीच होत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते.

२००७ साली स्लिफ्का यांच्याच चमूने ४५ माणसांच्या जुन्या रक्तनमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे नमुने २६ वर्षांपर्यंतचे होते. गोवराच्या अँटिबॉडी निम्म्या व्हायला लागणारा काळ माणसाच्या आयुष्याच्या कितीतरी पलीकडे निघाला. घटसर्पाच्या निम्म्या व्हायला १९ वर्षं, धनुर्वाताच्या ११ वर्षं. गोवराचा जिवंत विषाणू, मग तो रोगातून येवो की सौम्य करून लसीतून, शरीरात वाढतो आणि खोल छाप सोडतो. धनुर्वाताच्या लसीत नुसतं निष्प्रभ केलेलं विष असतं. त्याची छापही टिकते, पण अधूनमधून तिच्यावर पुन्हा हात फिरवावा लागतो. शास्त्राला हे ठाऊक आहे, म्हणूनच आपल्या सरकारी वेळापत्रकात लहानपणच्या डोसांनंतर १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीचं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाचं, इंजेक्शन आहे. गरोदर बाईलाही ते मिळतं. वेळापत्रक चांगलं आहे. अडचण ते कोणापर्यंत पोचतं याची आहे.

दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचं इंजेक्शन बहुतेक वेळा शाळेत दिलं जातं. सोलापुरात सोळाव्या वर्षी शाळेत नसलेली मुलगी कुठे असते, हे इथे वाढलेल्या कोणालाही विचारा. ती घरात सूप मांडीवर घेऊन आईसोबत विड्या वळत असते. पानं कापून देणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं, बोटं चालत असतात. लवकर लग्न झालं तर तिचा टीडीचा डोस थेट पहिल्या गरोदरपणात होतो. तोवर मधली वर्षं कोरी. आणि तिचा भाऊ? आठवीतून नाव काढून मागावर कांड्या भरायला गेलेला मुलगा गरोदर होणार नाही, त्यामुळे त्याला लसीकरणाचा दुसरा दरवाजाच नाही. धोट्याने, लोखंडाने, गंजक्या पत्र्याने हात कापला आणि तो दवाखान्यात गेला, तरच त्याला सुई मिळते. बारीकशी जखम असेल तर तो जातच नाही. वर हळद दाबतो आणि पाळी पूर्ण करतो. धनुर्वाताला बारीक जखमही पुरते.

पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांची गोष्ट याहून वाईट. आपल्याकडे बालकांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, तो सगळीकडे नेण्याचं काम १९८५ नंतर. त्याआधी जन्मलेल्या कित्येक माणसांचे पहिले तीन डोसच कधी झालेले नाहीत. त्यांनी आयुष्यभर जखमेगणिक एकेक "टीटीचं इंजेक्शन" घेतलं असेल. पण पाया नसताना घेतलेला एकेकटा डोस भरवशाचा नाही. अस्थिमज्जेत पक्क्या जागा मिळवायला पहिले तीन डोस ठरलेल्या अंतराने व्हावे लागतात. उलट टोकाला, नोंद नसल्यामुळे वर्षात तीनदा टीटी घेतलेले लोकही मी पाहिले आहेत. त्यांचा दंड लालबुंद सुजतो, हाती काही लागत नाही. सुई मारणाऱ्याने "शेवटचं कधी घेतलं होतं?" असं विचारायचं आणि समोरच्याने "आठवत नाय ओ" म्हणायचं, हा संवाद मी एकवीस वर्षं ऐकला.

माझं म्हणणं असं: या शहराने मोठ्या माणसांच्या लसींची कायमची नोंद ठेवावी, आणि सोळाव्या वर्षाचा डोस शाळेच्या फाटकाबाहेर काढून विडी कारखान्याच्या आणि यंत्रमागाच्या दारात न्यावा.

हे शक्य नाही असं मला कोणी सांगू नये. कोविडच्या काळात याच देशाने १७ जुलै २०२२ पर्यंत २०० कोटी डोस नोंदवले. प्रत्येकाच्या नावावर तारीख, लसीचं नाव, ठिकाण. ते यंत्रमाग मालक आपलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून पाकिटात ठेवत. कुंभारीच्या विडी घरकुलात हजारो कामगार बायका एका जागी राहतात. विड्या जमा करायला त्या ठरलेल्या वेळी कारखान्यात रांगेत उभ्या राहतात, आणि तिथे बारीकसारीक हिशोब लिहिला जातोच. पानं किती, तंबाखू किती, छाट, म्हणजे नापास विड्या, किती. विड्यांची छाट लिहिता येते तिथे मुलीच्या डोसची तारीख लिहिता येणार नाही का? कार्ड मात्र मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवं. नाहीतर ते डब्यात पडून राहील.

"मोठ्यांना कशाला लस, गोवर-पोलिओ तर गेले" असा आक्षेप मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकते. गोवर गेलेला नाही. २०२२ च्या शेवटी गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात तो उसळला आणि मुलं दगावली. गोवराचं एक क्रौर्य तर अलीकडेच उलगडलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासलं, तेव्हा दुसऱ्या रोगांविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग पुसला गेल्याचं दिसलं. जन्मापासून कमावलेली नोंदवहीच गोवर फाडतो. घटसर्पाबद्दल सांगायचं तर आपल्या देशात त्याचे रुग्ण आता पाच वर्षांवरच्या मुलांत आणि किशोरवयात जास्त दिसू लागले आहेत. बाळपणीचे डोस झाले आणि पुढचे चुकले, की हे होणारच.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. पाणी रोज येत नाही, रस्ते असे, मग या शहराने हे आणखी एक ओझं का उचलावं? याचं उत्तर द्यायला मी बार्शीला जाते.

२००९ साली भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लसीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातलं एक केंद्र आपल्या जिल्ह्यात होतं, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. १० ते १८ वयाच्या मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरलं होतं. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद उठला आणि सरकारने देशभर असे अभ्यास थांबवले. त्यामुळे हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. लस मिळालेल्या १७,७२९ मुलींपैकी ज्यांना एकच डोस मिळाला त्यांच्यातही एचपीव्हीच्या १६ आणि १८ या जातींच्या चिवट संसर्गापासून संरक्षण ९५.४ टक्के निघालं, तीन डोस घेतलेल्यांइतकंच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे हा पुरावाही होता.

एक डोस इतका टिकतो कसा? सोलापुरी चादर डोळ्यांसमोर आणा. जेकार्डच्या मागावर एकच नक्षी ओळीने, दाटीने, पुन्हा पुन्हा उमटलेली. या लसीतला कण तसाच आहे: एकाच प्रथिनाचा तुकडा ३६० वेळा, ठराविक अंतरावर, गोल बांधलेला. बी पेशीवरच्या अनेक ग्राहकांना (जंतू ओळखणाऱ्या रेणूंना) तो एकाच वेळी धरतो, संकेत जोरदार जातो, आणि अस्थिमज्जेत जागा मिळवणाऱ्या पेशी तयार होतात. त्या मुलींच्या अँटिबॉडीही सुरुवातीला उतरल्या, मग एका पातळीवर थांबल्या आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिल्या.

बार्शीच्या परिसरातल्या मुलींनी दंड पुढे केले आणि जगभरच्या मुलींच्या एक-दोन सुया वाचल्या. त्याच जिल्ह्यात शाळा सुटलेल्या मुलीला ना हा एक डोस वेळेवर मिळण्याची खात्री, ना टीडीचा. ओझ्याची भाषा करणाऱ्यांनी त्या मुलींकडे बघून बोलावं. आणि त्या अभ्यासातून दुसरंही काही शिकण्यासारखं आहे. दहा वर्षांनी कोणत्या मुलीला किती डोस मिळाले होते हे सांगता आलं, कारण कोणीतरी ते लिहून ठेवलं होतं, आणि ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी तिचा माग काढला होता.

गेल्या वर्षी ते यंत्रमाग मालक मला सिद्धेश्वर तलावाच्या काठी भेटले. अँटिबॉडीची वही त्यांनी केव्हाच बंद केली होती. मी विचारलं, "मामा, धनुर्वाताचं शेवटचं कधी घेतलं?" ते थांबले. साठीचा माणूस, आयुष्य मागाशेजारी गेलेलं, हातावर जुन्या जखमांचे वण. आठवलं नाही. त्यांच्या कामगारांतही कोणालाच आठवत नव्हतं. आठवडाभरात त्यांनी स्वखर्चाने डोस आणवले, ओळखीचे डॉक्टर बोलावले, आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत सगळ्यांना, स्वतःसकट, टीडीचा पहिला डोस दिला. मी वहीत नावं लिहिली. दुसरा डोस महिन्याने होता. तोवर सुताचा भाव चढला, काही माग बंद पडले, आणि रांगेत निम्मीच माणसं उरली. बाकीची कोणी दुसऱ्या कारखान्यात, कोणी भिवंडीला. तिसरा डोस दुसऱ्यानंतर सहा महिन्यांनी. जे गेले त्यांना पुढे कुठे जखम होईल, तेव्हा तिथला डॉक्टर विचारेल, आणि ते म्हणतील, आठवत नाय ओ. त्यांची नावं आणि पहिल्या डोसची तारीख सोलापुरात, माझ्या वहीत आहे.